ट्रिपिंगचे कारण

सबस्टेशनच्या टेबलावर एक रजिस्टर आहे,
पाठीला खाकी कापड, कोपरे उंदरानं कुरतडलेले.
त्यात माझ्या अक्षरात सव्वीस वर्षांचा अंधार आहे.
फिडर कोणता, लाईन किती वाजता गेली,
ट्रिपिंगचे कारण:
फांदी. वारा. माकड. फांदी. पतंगाचा मांजा.
आणि मध्येच कुठेतरी, घाईघाईत, वेलांटी चुकवून:
पक्षि.

कोणता, हे विचारायला रकाना नव्हता.
मी बांबूनं खाली घ्यायचो.
माझ्या छातीला लागेल एवढा उंच, मान लाल,
पाय काडीसारखे नव्हेत, काठीसारखे.
धुऱ्यावर ठेवायचो, लाईन चार्ज करायचो,
कोसमटोल्यात पुन्हा पंखे फिरायचे.
कुणी विचारलंच तर सांगायचो,
फक्त चौदा मिनिटं गेली होती.

मग सारसवाल्या पोरांपैकी एक आली,
भुमेश्वरी टेंभरे, स्कुटीला ढोपरभर चिखल,
पिशवीत दोनशे पानी वही.
"काका, तारखा जुळवून पाहू का?"

तिचं: मृत, नर, पिंपळबोडीची पाळ.
माझं: पक्षि, सकाळी सहा पंचेचाळीस.
तिचं: मृत, मादी, सोबत वाढतं पिल्लू.
माझं: पक्षि. पक्षि.
अकरा तारखा होत्या. अकराही जुळल्या.
चहावर साय धरली.
एकाच गावात दोन वह्या भरत होत्या
आणि कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

डोंगरवार साहेब म्हणाले, खर्च दाखवू कुठं?
पक्षी नावाचं हेडच नाही.
मग त्यांनीच कॅल्क्युलेटर ओढला:
तुटलेला जंपर, जळलेला फ्यूज, वाया गेलेले युनिट,
माझ्या रात्रीच्या फेरीचं पेट्रोल.
ती दया नव्हती, हिशोब होता.
मला हिशोब चालतो.
दयेला शटडाऊन मिळत नाही.

चकत्या पोरांनी आणल्या, दोन तास कंपनीनं दिले,
शिव्या गावानं.
"पाखरासाटी लाईन बंद? अन् आमचे पऱ्हे?"
असं ओरडणारा जागोबा कोसरे
भाद्रपदात स्वतःच सांगत आला,
माझ्या बांधीत दोन अंडी हायेत,
तेवढा कोपरा मी निंदत नाही,
पन कोनाला सांगू नोका.

मी चढलो. बावन्न वर्षांचे गुडघे, कमरेला पट्टा.
ही तार मीच ओढली होती, उमेदीच्या वयात.
तेव्हाच्या नकाशावर बोडी निळी नव्हती,
कोरी होती.
सरळ रेघेला खांब कमी लागतात,
म्हणून रेघ सरळ गेली.
वरून दिसलं: इकडे देवधान, त्यांची रात्रीची जागा,
तिकडे बांध्या, त्यांचं दिवसाचं पोट,
मधोमध मी.

सहा गाळ्यांत चकत्या लावल्या.
वाऱ्यात फिरतात, उन्हात चमकतात,
पोरं म्हणतात, काकानं तारेला बाळीडूल घातले.
यंदा नवीन फिडरचा नकाशा निघाला तेव्हा
साहेबांनी तो आधी भुमेश्वरीकडे पाठवला.
तिनं लाल पेन्सिलीनं पाळीला वळसा घातला,
तीन खांब वाढले.
साहेब दोन दिवस कुरकुरले, मग सही केली.

लोक म्हणतात, सारसाचा जोडीदार उपाशी मरतो.
मी तसं पाहिलं नाही.
मी पाहिलं, तो चौथ्या दिवशी चरत होता,
फक्त तारेखालची बांधी सोडून.

हे पाहिलं परवा, पौषाच्या धुक्यानंतर.
सातव्या गाळ्यापर्यंत चकत्या पुरल्या नव्हत्या.
बांबू हातात होता. आधी तिला फोन लावला,
मग ऑफिसला.
मग रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला,
आणि सावकाश लिहिलं:
सारस, मादी, पूर्ण वाढ झालेली.
गाळा सात. चकत्या नाहीत. पाहिजेत.

रकान्यात मावलं नाही.
समासातून वळवून खालच्या ओळीत नेलं.